तळपायावरचा मेलॅनोमा आणि पुण्यातील संशोधन

पुण्यात मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाविषयी जे थोडेफार छापून येते, ते बहुतेक उन्हाळ्यात येते आणि उन्हाबद्दलच असते. भर दुपारी बाहेर पडू नका, सनस्क्रीन लावा, अंगावरच्या तिळांकडे लक्ष ठेवा, असा तो सल्ला असतो. तो चुकीचा नाही. मात्र तो मुख्यतः ऑस्ट्रेलिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेतील गोऱ्या त्वचेच्या लोकांच्या अनुभवावर बेतलेला आहे. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी होतो, आणि होतो तेव्हा त्याचा मोठा हिस्सा तळपायावर, तळहातावर, नखाखाली किंवा गुदमार्ग, नाक आणि तोंड यांच्या आतल्या नाजूक अस्तरात आढळतो. या जागांपर्यंत ऊन पोहोचतच नाही, किंवा फारच थोडे पोहोचते. रोगप्रतिकारशक्तीच्या आधारे कर्करोगावर उपचार करण्याचे जे शास्त्र गेल्या काही वर्षांत उभे राहिले, ते प्रामुख्याने उन्हामुळे होणाऱ्या मेलॅनोमाच्या रुग्णांवर उभे राहिले. आपल्या लोकांना होणाऱ्या मेलॅनोमाचे शास्त्र आपणच उभे केले पाहिजे, ते सार्वजनिक पैशातून केले पाहिजे, आणि देशातील ज्या मोजक्या शहरांत हे काम आजच सुरू होऊ शकते त्यांत पुणे आहे, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आधी या रोगाचे जीवशास्त्र थोडे समजून घ्यावे लागेल. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी त्वचेत जन्मत नाहीत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात, मज्जासंस्था घडत असताना, तिच्या कडेच्या भागातून निघून त्या शरीरभर प्रवास करत त्वचेत येऊन स्थिरावतात. दूरवर जाण्याची आणि नव्या जागी तग धरण्याची क्षमता त्यांच्या घडणीतच असते, आणि मेलॅनोमा लवकर पसरण्यामागे हे एक कारण मानले जाते. काही मिलिमीटर खोल गेलेली गाठसुद्धा लसीकाग्रंथी, फुप्फुसे, यकृत आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकते. उन्हातील अतिनील किरणांनी या पेशींच्या डीएनएवर झालेले घाव एका विशिष्ट खुणेच्या रूपाने टिकून राहतात, त्यामुळे अशा मेलॅनोमात जनुकीय बदलांची संख्या सर्व कर्करोगांमध्ये जवळजवळ सर्वाधिक असते. २००२ मध्ये बीआरएएफ या जनुकातील एक बदल मोठ्या प्रमाणावर सापडला. त्वचेच्या मेलॅनोमाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत तो असतो आणि त्यावर नेमका मारा करणारी औषधे २०११ पासून उपलब्ध झाली.

तळपायावरच्या मेलॅनोमाची कथा निराळी आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१७ मध्ये मेलॅनोमाच्या संपूर्ण जनुकसंचाचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात तळव्यावरच्या आणि अस्तरातल्या गाठींमध्ये अतिनील किरणांची खूण फारशी दिसली नाही. तिथे एकेका अक्षराच्या चुका कमी होत्या. त्याऐवजी गुणसूत्रांचे तुकडे तुटलेले, जागा बदललेले, काही भाग अनेक पटींनी वाढलेले असे दिसले. बीआरएएफमधील बदल या प्रकारात कमी आढळतो, आणि किट नावाच्या जनुकातील बदल थोड्या रुग्णांत आढळतो. हा प्रकार जगातल्या सर्व वर्णांच्या लोकांत साधारण सारख्याच, म्हणजे अतिशय अल्प प्रमाणात होतो. गोऱ्या लोकांत उन्हाच्या मेलॅनोमाच्या गर्दीत तो झाकला जातो. आपल्याकडे तो ठळक दिसतो, कारण दुसरा प्रकार जवळजवळ नसतोच. तो का होतो, हे अजून नीट उलगडलेले नाही. तळव्याच्या ज्या भागांवर चालताना अधिक दाब येतो तिथे तो अधिक आढळतो, असे काही अभ्यासांनी दाखवले आहे. पण दाब हे कारण आहे की केवळ सोबत, हा प्रश्न खुला आहे. अनवाणी किंवा पातळ चपलेत शेतात आणि रस्त्यावर आयुष्य काढणाऱ्या लोकांच्या प्रदेशात या प्रश्नाचा शोध घेण्याची उत्सुकता आपल्या संस्थांना जास्त असायला हवी.

आता उपचारांकडे येऊ. पसरलेल्या मेलॅनोमावर २०११ पूर्वी जवळजवळ काही चालत नसे. १९७५ पासून वापरात असलेले डकार्बाझिन हे केमोथेरपीचे औषध फार थोड्यांना उपयोगी पडे, आणि निम्मे रुग्ण वर्षभराच्या आत दगावत. प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या इंटरल्युकिन-२ या औषधामुळे काही मोजके रुग्ण पूर्ण बरे झाले, पण त्या उपचाराची विषारीपणाची किंमत जबर होती. खरा बदल झाला तो वेगळ्याच प्रश्नातून. टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, गाठ ओळखत असूनही का थांबतात, असा तो प्रश्न होता. जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ मध्ये उंदरांमध्ये दाखवले की सीटीएलए-४ हा टी पेशींवरचा रेणू अडवला तर त्या पेशी मोकळ्या होऊन गाठीवर तुटून पडतात. क्योटोमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ हा दुसरा रेणू शोधला होता; तो शरीराच्या ऊतींमध्ये, प्रत्यक्ष गाठीच्या ठिकाणी, टी पेशींना आवर घालतो आणि अनेक कर्करोगपेशी पीडी-एल१ हा त्याचा जोडीदार अंगावर मिरवून स्वतःचा बचाव करतात. सीटीएलए-४ अडवणाऱ्या इपिलिम्युमॅबला २०११ मध्ये, तर पीडी-१ अडवणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब यांना २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि अ‍ॅलिसन व होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निव्होलुमॅब आणि इपिलिम्युमॅब एकत्र दिलेल्या पसरलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के दहा वर्षांनंतरही जिवंत होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या निष्कर्षांत दिसते. ज्या रोगात वर्षभराची आशा धरणेही कठीण होते, तिथला हा आकडा आहे. वैद्यकाच्या अलीकडच्या इतिहासात याच्या तोडीच्या गोष्टी फार थोड्या आहेत, आणि हे मी मनापासून लिहितो.

परंतु त्या चाचणीतले बहुसंख्य रुग्ण गोऱ्या त्वचेचे होते. चीनमध्ये पेम्ब्रोलिझुमॅबची चाचणी झाली तेव्हा आधीच्या उपचारानंतर हे औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी साधारण सहांपैकी एकाचीच गाठ लक्षणीय प्रमाणात आटली, आणि त्यांत तळव्यावरच्या मेलॅनोमाचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. कारणाचा अंदाज करता येतो. जनुकीय बदल जितके जास्त, तितकी परकी वाटणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर जास्त, आणि टी पेशींना ओळखायला खुणा जास्त. तळव्यावरच्या गाठीत बदल कमी, म्हणून खुणाही कमी. पण हा निव्वळ संख्येचा मामला नसावा; गाठीभोवती कोणत्या पेशी जमतात, टी पेशी आत शिरतात की काठावरच थबकतात, थकलेल्या टी पेशींवर पीडी-१ सोडून आणखी कोणते रेणू असतात, यावर जगात फार थोड्या नमुन्यांवर काम झाले आहे. त्या थोड्यांत भारतीय नमुने जवळजवळ नाहीत.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो हलका मानण्यासारखा नाही. महाराष्ट्रात तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग हजारोंना होतो; तंबाखूने तरुण माणसे जातात; अशा वेळी लाखात एकालाही न होणाऱ्या रोगावर सरकारी पैसा का घालावा? माझे उत्तर असे आहे की मेलॅनोमावरचे संशोधन मेलॅनोमापुरते कधीच राहिलेले नाही. पीडी-१ अडवणारी औषधे आज फुप्फुस, मूत्रपिंड, डोके-मान यांच्या कर्करोगांत वापरली जातात आणि त्या सर्वांची वाट मेलॅनोमातून गेली. खुणा कमी असलेली गाठ रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेतून कशी निसटते, हा तळव्यावरच्या मेलॅनोमाचा मूळ प्रश्न आहे, आणि स्तनाच्या बहुतेक कर्करोगांचा आणि इतर अनेकांचाही तोच प्रश्न आहे. शिवाय ही गाठ त्वचेवर असते. ती दिसते, मोजता येते, उपचाराआधी आणि नंतर तिचा तुकडा काढता येतो. स्वादुपिंडाच्या गाठीच्या बाबतीत हे इतके सहज शक्य नसते. अभ्यासाला असा सोयीचा रोग विरळ असल्याने सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो शास्त्राचाच भाग आहे, हे लोकांच्या लक्षात यायला हवे. पेम्ब्रोलिझुमॅबच्या दर तीन आठवड्यांच्या एका फेरीचा खर्च छापील किमतीने काही लाखांत जातो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये या औषधावरील सीमाशुल्क माफ केले, तरी सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने फार फरक पडला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची वार्षिक मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला हे चांगलेच आहे, पण वर्ष-दोन वर्षे चालणाऱ्या या उपचाराच्या पूर्ण मात्रेपुढे ती रक्कम टिकत नाही. मग रुग्णाचे घरचे लोक जमीन विकण्याचा विचार करतात, किंवा विचारही न करता घरी परततात.

या ठिकाणी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने केलेले काम मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. डोके आणि मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर त्यांनी एक चाचणी घेतली. निम्म्यांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधे दिली, उरलेल्यांना त्यांच्या जोडीला निव्होलुमॅब दिले. पण नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. याच संशोधकांनी नोंदवले आहे की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत या रोगाचे मान्यताप्राप्त उपचार १ ते ३ टक्के रुग्णांनाच परवडतात. इतक्या कमी मात्रेने काम का व्हावे, याचे एक संभाव्य उत्तर पहिल्या टप्प्यातील चाचण्यांपासूनच समोर होते: टी पेशींवरचे पीडी-१ रेणू थोड्या औषधानेच बहुतांशी व्यापले जातात, आणि भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले म्हणून ती अधिक भरत नाही. तरीही किती कमी मात्रा पुरेशी आहे, हे शोधण्यात औषध विकणाऱ्या कंपनीचे हित नसते. त्यात त्या कंपनीचा गुन्हा नाही. पण म्हणूनच हा प्रश्न सरकारी संस्थांनी विचारायचा असतो, कारण दुसरे कोणी तो विचारणार नाही.

इथे सावधपणाही हवा. डोके-मानेच्या कर्करोगात जे दिसले ते तळव्यावरच्या मेलॅनोमात दिसेलच, असे गृहीत धरून कमी मात्रा सर्रास देणे हा रुग्णांवरचा अन्याय ठरेल. ते पद्धतशीर चाचणीतूनच ठरवावे लागेल. मात्र मात्रा आणि कालावधी कमी करण्याच्या दिशेने मेलॅनोमाचे जागतिक संशोधन स्वतःच सरकते आहे, ही आशादायक गोष्ट आहे. लसीकाग्रंथींत पोहोचलेल्या मेलॅनोमात शस्त्रक्रियेनंतर औषध देण्याऐवजी आधी काही फेऱ्या द्याव्यात, गाठ शरीरात असतानाच टी पेशींना तिची ओळख पटू द्यावी, या कल्पनेची कसोटी दोन मोठ्या चाचण्यांत लागली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत तेच औषध त्याच एकूण मात्रेत केवळ क्रम बदलून दिल्याने दोन वर्षे रोग न उलटलेल्यांचे प्रमाण ४९ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेले. २०२४ मधील दुसऱ्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी दोन औषधांच्या फक्त दोन फेऱ्या दिल्या गेल्या, आणि ज्या निम्म्याहून अधिक रुग्णांची गाठ जवळजवळ नाहीशी झाली त्यांना पुढे औषध द्यावेच लागले नाही. वर्षभराऐवजी सहा आठवडे! श्रीमंत देशांसाठी ही सोय असेल. आपल्यासाठी उपचार मिळणे आणि न मिळणे यांतले अंतर इथे ठरते. निव्होलुमॅबच्या भारतातील पेटंटची मुदत मे २०२६ पर्यंतचीच असल्याने येथील कंपन्यांच्या समरूप औषधांना वाट मोकळी होते, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

पुण्याचे नाव मी केवळ इथे राहतो म्हणून घेत नाही. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरातील प्रयोगशाळांना पेशींचे नमुने पुरवणे हे त्याच्या स्थापनेपासूनचे एक काम आहे, आणि ऑस्टिओपॉन्टिन या प्रथिनाचा उंदरांतील मेलॅनोमा पेशींच्या पसरण्याशी काय संबंध आहे, याचा अभ्यास तिथे झालेला आहे. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, तिथे जनुकशास्त्र आणि संगणकीय विश्लेषण जाणणारे लोक आहेत. ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातून रुग्ण येतात. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट जगात सर्वाधिक लशी बनवते. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या कोविडवरील एमआरएनए लशीला २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, आणि मेलॅनोमात रुग्णागणिक वेगळी लस तयार करण्याचे जे प्रयोग अमेरिकेत चालू आहेत ते याच एमआरएनए तंत्रावर आधारलेले आहेत. एका शहरात हे सारे आहे, पण त्यांना जोडणारा धागा मला दिसत नाही. तळपायाची गाठ काढली जाते, तिचा तुकडा फॉर्मालिनमध्ये जातो, अहवाल येतो, मेणाचा ठोकळा कपाटात पडून राहतो. त्या गाठीतील जिवंत टी पेशी पाहण्याची संधी त्याच दिवशी संपलेली असते.

आपल्या शास्त्राला उंदराच्या बी१६ या मेलॅनोमा पेशींवर फार काळ अवलंबून राहावे लागले आहे. काळ्या उंदरातून आलेल्या त्या पेशींनी पुष्कळ शिकवले. इम्युनोथेरपीच्या पायाभूत प्रयोगांत त्यांचा वाटा आहे. पण तळव्यावर वर्षानुवर्षे हळूहळू पसरत गेलेली माणसाची गाठ त्यांत सापडत नाही. ती रुग्णाच्या संमतीने, ताजी असताना, शस्त्रक्रियागृहातून थेट प्रयोगशाळेत नेली तरच अभ्यासता येते. संमती आणि नमुन्यांच्या जतनाविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नवा कायदा लागत नाही. लागतो तो एक समन्वयक, एक शीतकपाट आणि रुग्णालय व संशोधन संस्था यांच्यातला कागदोपत्री करार. असे करार रखडतात, कारण त्यातून कोणालाच लगेच काही मिळत नाही.

येथील नमुने का हवेत, याची ठोस कारणेही आहेत. टी पेशी खुणा ओळखतात त्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या एचएलए नावाच्या रेणूंवर मांडलेल्या असताना, आणि हे रेणू लोकसमूहागणिक बदलतात. डोळ्यातील मेलॅनोमावरचे टेबेन्टाफस्प हे औषध एचएलए-ए*०२:०१ हा प्रकार असलेल्यांनाच चालते. भारतीय लोकसमूहांत ए२ गटातले ए*०२:११ सारखे दुसरे प्रकारही बरेच आढळतात. दुसरे कारण क्षयाचे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, पीडी-१ नसलेले उंदीर क्षयाच्या संसर्गाने लवकर मरतात, आणि पीडी-१ अडवणाऱ्या औषधांनंतर दबलेला क्षय उफाळल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ज्यांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त आहेत अशा लोकांना हे औषध कसे द्यावे, हे बोस्टनमध्ये कोणी आपल्यासाठी ठरवून देणार नाही. तिसरे, आतड्यांतील जीवाणू. मेलॅनोमाच्या रुग्णांत औषधाचा गुण येणे आणि आतड्यांतील जीवाणूंची जातकुळी यांचा संबंध २०१८ मधील अनेक अभ्यासांनी दाखवला. भाकरी, डाळी आणि ताक यांवर पोसलेल्या आतड्यांतील जीवाणू वेगळे असणारच, आणि जीवाणूंच्या जतनाचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच आहे.

कोडाचा उल्लेख मुद्दाम वेगळा करतो. मेलॅनोमाच्या पेशींवरची काही प्रथिने निरोगी मेलॅनोसाइटवरही असतात, त्यामुळे जागी झालेली प्रतिकारशक्ती कधी कधी त्वचेच्या रंगावरही घाला घालते आणि अंगावर पांढरे डाग उमटतात. अशा रुग्णांत उपचाराचा परिणाम सरासरीने अधिक चांगला दिसतो. डॉक्टरच्या दृष्टीने हे बहुधा शुभचिन्ह असते. आपल्या समाजात मात्र कोडावरून आजही लग्ने मोडतात आणि माणसे वेगळ्या ताटात जेवायला बसवली जातात. जीव वाचवणाऱ्या औषधाचा हा परिणाम रुग्णाच्या घरी कसा पोहोचतो, घाबरून तो उपचार सोडतो का, याचा अभ्यासही संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.

आणि हे सर्व जिथून सुरू होते ती जागा प्रयोगशाळेत नाही. तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून ब्लेडने कापला जातो, नखाखालची काळी रेघ दार लागल्याची समजली जाते, न भरणारी जखम मधुमेहाच्या खात्यावर टाकली जाते. महिने जातात, आणि गाठीच्या जाडीत पडणारा मिलिमीटरचा फरक आयुष्याचा फरक ठरतो. नखातली रेघ रुंद होत असेल, काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला असेल, तळव्यावरचा डाग वाढत वा ओलावत असेल, तर तुकडा तपासायला पाठवावा, एवढे प्रत्येक फॅमिली डॉक्टरला आणि पाय तपासणाऱ्या प्रत्येक मधुमेह केंद्राला माहीत असावे. दरवर्षी आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्काम करतात. अनेक मंडळे आणि वैद्यकीय विद्यार्थी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावतात, फोडांना मलमपट्टी करतात. त्या वेळी हजारो तळवे प्रशिक्षित नजरेखालून जाऊ शकतात. शंकास्पद डागाचा फोटो आणि गावाचा पत्ता घेऊन पाठपुरावा करण्याची व्यवस्था केली, तर त्यातून थोड्यांचे निदान वेळेत होईल आणि निरोगी तळव्यांवर साधे डाग किती जणांना असतात, ही आज नसलेली माहितीही हाती लागेल.

नोंदणीतली एक दुरुस्ती तर जवळजवळ फुकट होण्यासारखी आहे. आजाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पायावरच्या मेलॅनोमाला सी४३.७ हा क्रमांक आहे, आणि त्यात मांडी, पोटरी आणि तळवा एकत्र मोजले जातात. तळव्यावरच्या प्रकाराला पेशीरचनेनुसार ८७४४/३ असा स्वतंत्र क्रमांक आहे, पण पॅथॉलॉजीच्या अहवालात तो प्रकार स्पष्ट लिहिला गेला तरच तो नोंदला जातो. पुण्यातील लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी आणि शहरातील पॅथॉलॉजी विभाग यांनी एकत्र बसून जागा, जाडी आणि प्रकार या तीन गोष्टी प्रत्येक अहवालात लिहायच्या असे ठरवले, तर पाच वर्षांत आपल्याकडे या रोगाचे खरे चित्र असेल, आणि कमी मात्रेची वा शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपचाराची चाचणी आखताना रुग्ण किती आणि कुठून मिळतील हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. एकट्या पुण्याचे रुग्ण अशा चाचणीला पुरणार नाहीत. मुंबई, नागपूर आणि राज्याबाहेरची केंद्रे सोबत घ्यावी लागतील. त्या बैठकीचे निमंत्रण राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून किंवा बी. जे. महाविद्यालयाकडून जावे, आणि पहिल्या तीन वर्षांचा खर्च राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने उचलावा.